मार्गशीर्षातली अरुंधती

जबलपूरच्या मराठी घरांत लग्न ठरलं की श्यामसुंदर दंडिग्यांना पत्रिका द्यायची की नाही, यावर एक छोटी बैठक भरते. द्यावी, तर माणूस येतो. न द्यावी, तर त्यांच्या बायकोला, पद्मजाताईंना वाईट वाटतं, आणि पद्मजाताईंशी वैर कोणालाच परवडत नाही, कारण अर्ध्या गावाची पोरं शाळेत त्यांच्याच हाताखालून हिंदीत पास झालेली. मग पत्रिका देतातच. पण देणारा उंबऱ्यातच हात जोडून हळूच म्हणतो, "ताई, ते अरुंधतीचं तेवढं सांभाळून घ्या बरं का."

अरुंधतीचं म्हणजे काय, ते ज्यांनी लग्नात फक्त जेवणाच्या रांगेकडे लक्ष ठेवलं त्यांच्यासाठी सांगायला हवं. सप्तपदी झाली की गुरुजी नवरानवरीला मांडवाबाहेर आणतात, उत्तरेकडे बोट करतात आणि विचारतात, "अरुंधती दिसली का?" सप्तर्षींच्या शेपटातला मधला तारा वसिष्ठ. त्याला अगदी खेटून असलेली बारीक चांदणी ही त्याची बायको, अरुंधती. जोडप्यानं असं एकमेकांना धरून राहावं, एवढाच त्यातला अर्थ. नवरानवरी वर पाहतात. वर फोटोग्राफरचा दिवा असतो. दोघं म्हणतात, "दिसली." की सगळे पानावर. पिढ्यान् पिढ्या सुरळीत चाललेला कारभार.

श्यामसुंदररावांना हा कारभार सोसवत नसे. नोकरीची सगळी वर्षं ते फॅक्टरीत तपासणीच्या टेबलावर बसले. केसभर चुकलेला भाग बाजूला टाकायचा, हीच त्यांची रोजीरोटी. माणूस निवृत्त होतो, सवय होत नाही. त्यातून आकाशाचं वेड. कुठल्या महिन्यात कुठला तारा किती वाजता कुठे असतो, हे त्यांना घरच्या किराण्यापेक्षा पक्कं ठाऊक. किराण्यात ते साबूदाणा विसरतात, पण चित्रा कधी उगवते हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. आणि आपल्याकडे लग्नं होतात मुख्यतः तुळशीचं लग्न लागल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात. त्या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी आकाशात नसतातच.

"गुरुजी," हे उभे राहून म्हणायचे, "सप्तर्षी आत्ता क्षितिजाच्या खाली आहेत. पार त्या उत्तरेच्या कटनी गावाच्या खाली. रात्री पाऊण वाजता निघतील, तेव्हा पोरांना पुन्हा बोलवा."

इथवर लोकांनी हसून सोडून दिलं होतं. पण पद्मजाताईंच्या भावाच्या, विनयच्या मुलाच्या, केतनच्या लग्नात हद्द झाली. लॉन नवं, गुरुजी तरुण, दिव्यांच्या झगमगाटात त्यांची दिशाच चुकली. आल्हादगुरुजींनी उत्तर समजून दक्षिणेकडे बोट केलं आणि तिथे जो एक ठळक तारा लुकलुक न करता शांत बसला होता, तोच दाखवून टाकला. केतन म्हणाला, "दिसली." नवरी म्हणाली, "दिसली." आणि मागून श्यामसुंदररावांचा आवाज आला, "अहो गुरुजी, तो शनी आहे!"

पुढचं काय विचारता. नवरीच्या आजीनं तिथेच बसकण मारली. लग्नाच्या मांडवात, अक्षता अजून केसांत, आणि पोरीला शनी दाखवला! कोणी हनुमानाचं नाव घेतलं, कोणी तेल आणायला धावलं, मुलीकडचे दोन काका न जेवता गेले ते आजतागायत केतनच्या घरी आलेले नाहीत. केतन आणि त्याची बायको मजेत आहेत, हा भाग वेगळा. गुरुजींनी मात्र त्या दिवसापासून खिशात होकायंत्र बाळगायला सुरुवात केली.

आता पाळी घरच्याच लग्नाची होती. यशश्री, दंडिग्यांची एकुलती एक, नागपूरच्या अमेयला पसंत पडली होती, म्हणजे खरं तर अमेय तिला पसंत पडला होता. मुहूर्त निघाला मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचा, गोरज. पत्रिका छापून आल्या त्याच दिवशी अमेयच्या आजोबांचा, भय्यासाहेबांचा फोन आला. वय ब्याऐंशी, घरात शब्द शेवटचा. ते श्यामसुंदररावांशी बोललेच नाहीत. त्यांनी पद्मजाताईंना फोनवर बोलावून घेतलं.

"विहीणबाई, तुमच्या यजमानांची कीर्ती नागपूरपर्यंत आली आहे, बरं का जी. माणूस चांगला आहे असं सगळेच सांगून राहिले. पण माझ्या नातवाच्या मांडवात मला शनी नाही पाहिजे. मंगळ नाही, राहू नाही, काहीच नाही. गुरुजी विचारतील, पोरं हो म्हणतील, आपण जेवू. मधे कोणी बोललं तर मी उठून बसमध्ये जाऊन बसीन, आणि माझ्यामागे सारं वऱ्हाड येईन. शब्द देता?"

"दिला," पद्मजाताई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? पोरीच्या संसाराची सुरुवात रिकाम्या मांडवानं व्हावी, असं कोणत्या आईला वाटेल?

शब्द दिला खरा, पण त्यांना तो जड वाटला निराळ्याच कारणानं. हे कारण त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं लग्नही मार्गशीर्षातलंच. एकतीस वर्षांपूर्वी, याच गावात, संध्याकाळी सव्वासातला. दिवसभराचा उपास, डोक्यात अठरा पिना, समोर सासूबाई डोळे वटारून. गुरुजींनी विचारलं आणि पद्मजा म्हणाली, "दिसली." इथवर ठीक. सगळ्याच म्हणतात. पण शेजारी उभ्या असलेल्या श्यामसुंदरनं हळूच विचारलं होतं, "खरंच?" आणि नव्या नवरीच्या तोऱ्यात ती म्हणाली होती, "हो! स्पष्ट! तुम्हाला नाही दिसली?" बिचारा डोळे चोळून पुन्हा वर पाहायला लागला होता.

पुढे या माणसाला आकाशाचा नाद लागला आणि पद्मजाताईंची पंचाईत झाली. दुसऱ्याच्या लग्नात नवरा ओरडायचा, "मार्गशीर्षात नसतेच," आणि या पर्स उघडून काहीतरी शोधायला लागायच्या. याला आपली तिथी आठवली तर? लग्नाचा वाढदिवस तो दरवर्षी विसरतो, हीच काय ती देवाची कृपा. गच्चीवरून हाक आली की त्या जायच्या. कृत्तिकांचा पुंजका पाहिला, मृग पाहिला, उन्हाळ्यात अख्खा विंचू पाहिला. पण हाक "पद्मजा, सप्तर्षी" अशी आली की खाली हमखास दूध उतू जात असे. अरुंधती समोर आली आणि आपण "अगंबाई, ही होय!" म्हणून बसलो, तर संपलंच. एकतीस वर्षं त्या घरात न मावणारं दूध उतू गेलं, आणि पद्मजाताईंनी अरुंधती एकदाही पाहिली नाही.

"भय्यासाहेबांना मी शब्द दिला आहे," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "मांडवात मिठाची गुळणी धरायची."

"बरं," श्यामसुंदरराव म्हणाले.

पद्मजाताई घाबरल्याच. हा माणूस नुसतं "बरं" कधीपासून म्हणायला लागला?

लग्नाच्या दिवशी महाराजपुरातलं लॉन दुपारपासून फुललं होतं. आल्हादगुरुजी चार वाजताच येऊन हिरवळीवर फिरून गेले होते. होकायंत्र लावून त्यांनी उत्तर पक्की केली आणि तिथे चुन्यानं एक बाण काढून ठेवला. "ताई, या वेळी चुकी होणार नाही," ते म्हणाले. "ह्या बाणाच्या समोर काही म्हणजे काहीच नाही. फक्त मोबाइलचा टॉवर आहे."

लग्न लागलं. वाजंत्री वाजली, अक्षता उडाल्या, होम पेटला, सप्तपदी झाली. साडेसात वाजले. गुरुजी नवरानवरीला घेऊन चुन्याच्या बाणावर आले आणि एकाएकी सगळं लॉन शांत झालं. अडीचशे माणसं. एकानंही आकाशाकडे पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे श्यामसुंदररावांवर. ते आपले हात मागे बांधून बुटांकडे पाहत उभे. भय्यासाहेब पहिल्या रांगेत, काठीवर दोन्ही हात, चेहऱ्यावर बसमध्ये जाऊन बसायची पूर्ण तयारी.

पद्मजाताईंचा शब्दावर विश्वास होता, पण नवऱ्याच्या जिभेवर नव्हता. त्यांनी वेळेआधीच विनयला जिलबीच्या कढईपाशी पिटाळलं होतं. गुरुजींनी बोट वर करायला आणि पद्मजाताईंनी एक अख्खी खोव्याची जिलबी नवऱ्याच्या तोंडात कोंबायला एकच गाठ पडली. जबलपूरची खोव्याची जिलबी म्हणजे काही लेचंपेचं काम नाही. काळी, जाड, गरम, पाकानं जड झालेली. ती तोंडात असताना माणूस ब्रह्मांड पाहू शकतो, बोलू शकत नाही.

"अरुंधती दिसली का?" गुरुजींनी विचारलं.

"दिसली," अमेय म्हणाला. पोरगा शहाणा.

मग यशश्रीची पाळी. यशश्री वर पाहत होती. मुंडावळ्या बाजूला सारून, मान मागे टाकून, नीट. गुरुजी थांबले. फोटोग्राफर थांबला. पद्मजाताईंचा पाकानं चिकट झालेला हात हवेतच थांबला.

"नाही दिसली," यशश्री म्हणाली.

लॉनवर जो काही हलकल्लोळ माजला तो आवाजाचा नव्हता, भुवयांचा होता. गुरुजींनी पुन्हा बोट केलं, या वेळी जरा हलवून. "आधी मोठे तारे पाहावे, मग लहान. सापडते."

"मोठेही नाही आहेत, गुरुजी. टॉवर आहे."

"अगं म्हण ना, दिसली!" मागून एक मावशी कळवळली. "आम्ही नाही का सगळ्याच म्हणालो?" आणि आपण काय बोललो हे कळून तिनं तोंडावर पदर घेतला.

"मावशी, मी आत्ता अग्नीसमोरून उठून आले आहे," यशश्री म्हणाली. "धूर अजून नाकात आहे माझ्या. लग्न होऊन दहा मिनिटं नाही झाली आणि पहिलीच गोष्ट खोटी बोलू? काहून?"

अमेयचे कान लाल झाले. "सॉरी," तो पुटपुटला. "मला तो टॉवरचा लाल दिवा दिसला होता."

"माहीत आहे मला," यशश्री म्हणाली, आणि तिनं त्याचा हात सोडला मात्र नाही. मग ती वळली. "बाबा, तुम्ही सांगा. आहे का ती वर?"

श्यामसुंदररावांच्या ओठाच्या कोपऱ्यातून पाकाचा एक थेंब ओघळला. डोळे बाहेर आले होते, कपाळाची शीर टरारली होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणी आपणहून त्यांना हा प्रश्न विचारत होतं, तोही पोटची पोर, भर मांडवात. पण त्यांनी मान हलवली नाही. हो नाही, नाही नाही. त्यांनी नुसतं बायकोकडे पाहिलं. त्या पाहण्यानं पद्मजाताईंना गलबलून आलं. हा वेडा माणूस खरंच त्यांनी दिलेला शब्द सांभाळत होता.

काठी आपटली. "त्यांना कोणी नका विचारू," भय्यासाहेब म्हणाले. "विहीणबाईंनी शब्द दिला आहे, तर विहीणबाईच निकाल लावतीन. सांगा जी, तुम्हाला दिसून राहिली ना? आई हो म्हणाली की पोरगी हो म्हणीन. चलो, जेवू."

एक शब्द. तीन अक्षरं. पूर्वी एकदा म्हटलेलीच, तोंडात बसलेली. त्या म्हणाल्या असत्या तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं, भय्यासाहेब खुर्चीत, वऱ्हाड मांडवात, पोरगी सुखात. त्यांनी तोंड उघडलं. समोर यशश्री होती, कपाळाला हळद, नजर सरळ आईच्या डोळ्यांत.

"नाही," पद्मजाताई म्हणाल्या.

आणि एकदा ते झाकण उडाल्यावर बाकीचं थांबेना. "नाही दिसत आहे, भय्यासाहेब. आणि माझ्याही लग्नात नव्हती दिसली. तेव्हाही मार्गशीर्षच होता. मी खोटं बोलले. वर यांना म्हणाले की मला स्पष्ट दिसली, तुम्हाला कशी नाही दिसली? एकतीस वर्षं झाली. तुम्हाला बसमध्ये जाऊन बसायचं असेल तर बसा, पण मी माझ्या पोरीला खोटं बोल म्हणून सांगणार नाही."

त्या शांततेत फक्त एक आवाज आला. श्यामसुंदररावांनी जिलबी गिळली.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"हेच. चैत्रापासून माहीत आहे."

"कोणत्या चैत्रापासून?"

"लग्नानंतरच्या पहिल्या."

पद्मजाताईंनी मागची खुर्ची ओढली आणि बसल्या. इकडे भय्यासाहेब उठले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण उठला तो ताडकन. सगळ्यांना वाटलं, चालले बसकडे. बसचा ड्रायव्हर तुळशीराम जेवायला बसला होता, तोही अर्ध्या घासावर उठला. पण भय्यासाहेबांचा चेहरा रागावल्यासारखा नव्हता, धास्तावल्यासारखा होता.

"थांबा," ते म्हणाले. "म्हणजे काय? आमचीही नसेल का दिसली?" ते श्यामसुंदररावांसमोर जाऊन उभे राहिले. "अठ्ठावन्न वर्षं झाली. मी आजवर छातीठोक सांगून राहिलो की मी पाहिली आहे. आणि आमची ही म्हणते, थापा मारता. बोला. माझं लग्न वैशाखातलं."

श्यामसुंदररावांनी बायकोकडे पाहिलं.

"बोला," पद्मजाताई म्हणाल्या. "शब्द मी परत घेतला. बोला एकदाचं, नाहीतर फुटाल."

"वैशाखात वाजता किती?"

"रात्री आठ. नागपूर. आकाश साफ."

श्यामसुंदररावांनी डोळे मिटले. बोटांवर काही मोजलं. सगळं लॉन पुढे झुकलं. "दिसली," ते म्हणाले. "वैशाखात रात्री आठला सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. टांगून ठेवल्यासारखे. तुम्हाला न दिसून सांगता कोणाला? तुम्ही शंभर टक्के पाहिली, भय्यासाहेब."

भय्यासाहेबांनी काठी हवेत फिरवली. "ऐकलं का!" ते बायकांच्या रांगेकडे वळून ओरडले. "अठ्ठावन्न वर्षं! मी थापा मारतो काय?" नागपूरच्या आजी लाजून इतक्या हसल्या की त्यांची कवळी सांभाळायला सुनेला धावावं लागलं.

आणि मग बांध फुटला. जेवणाची रांग मोडली आणि श्यामसुंदररावांपुढे नवी रांग लागली. जो तो आपल्या लग्नाची तिथी घेऊन पुढे.

"काका, आमचं फाल्गुनातलं, रात्री आठला."

"ईशान्येला. शेपटावर उभे असतात तेव्हा सप्तर्षी. दिसायला हवी होती. झाडं होती का?"

"समोर सासरचे होते."

"मग नाही दिसली."

"आमचं ज्येष्ठातलं."

"वा! दिसली. स्वाती डोक्यावर, आग्नेयेला विंचू वर चढत असलेला, त्याच्या छातीत लाल ज्येष्ठा. तुमच्या वेळी सगळंच होतं."

"आषाढातलं!"

"ढग. आषाढात कोणी काहीही दाखवावं."

"माघ. आठ वाजता," एक जाडजूड गृहस्थ म्हणाले.

"माघात आठला सप्तर्षी नुकते डोकं वर काढतात, अरुंधती क्षितिजाला टेकलेली. तुम्हाला नाही दिसली. पण दक्षिणेला उंच मृग होता. पोटात बाण लागलेला, आणि मागे व्याध."

गृहस्थांनी शेजारी उभ्या बायकोकडे पाहिलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा बसला.

मार्गशीर्षवाल्यांची संख्या सगळ्यात जास्त निघाली. ते बिचारे एका बाजूला घोळका करून उभे होते. "आम्हाला काय दिसलं असेल मग?" विनयनं विचारलं. "मला तर उत्तरेला काहीतरी चमकलेलं आठवून राहिलं."

"शर्मिष्ठा," श्यामसुंदरराव म्हणाले. "पाच ताऱ्यांची, वेडीवाकडी. या दिवसांत उत्तरेला तीच असते. आत्ताही आहे, ती पाहा टॉवरच्या वर. पण देवयानीच्या नवऱ्याला जिनं वाटून घेतलं तिची गोष्ट मांडवात सांगण्यासारखी नाही." मार्गशीर्षवाल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे अशा काही पाहू लागल्या की विनयनं विषय बदलून जिलब्या मागवल्या.

कोणीतरी लॉनचे दिवे घालवायला सांगितलं. मॅनेजर नाही म्हणाला, भय्यासाहेब हो म्हणाले, दिवे गेले. अडीचशे माणसं हिरवळीवर माना मागे टाकून उभी. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आला होता, त्याच्याखाली रोहिणी लालसर. पोरंसोरं ओरडत होती, म्हातारे एकमेकांच्या खांद्याला धरून वर बोटं दाखवत होते, आणि ज्यांना कधी श्यामसुंदररावांना पत्रिका द्यायची नव्हती, ते सगळ्यांत पुढे होते. पद्मजाताई अंधारात खुर्चीवर बसून हसत सुटल्या. आपल्याच पोरीच्या लग्नात आपण असं खिदळावं हे बरं दिसत नाही, असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी पदर तोंडाशी नेला, आणि त्यामुळे जास्तच हसू आलं.

शेवटी भान राहिलं ते एकट्या गुरुजींना. "पण दर्शन राहिलंच की," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "विधी अर्धा राहिला."

"किती वाजता निघते म्हणता ती?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"पाऊणला उगवते. नीट पाहायची तर साडेचारला. तिलवाऱ्याला, नर्मदेचा पूल ओलांडून. गावाचा उजेड मागे राहतो."

"आमचा रस्ताच तो. तुळशीराम! बस रात्री बाराला नाही, पहाटे चारला सुटीन. गुरुजी, तुम्हीही बसा. परत आणायची जबाबदारी विनयभैयांची."

पहाटे साडेचारला तिलवाऱ्याचा पूल ओलांडून बस रस्त्याच्या कडेला थांबली. मागे विनयची गाडी, तिच्यात पद्मजाताई आणि श्यामसुंदरराव. नर्मदेवरून असा गार वारा येत होता की शालूवरून यशश्रीनं अमेयचं जॅकेट चढवलं होतं. नदीपल्याड गावाचे दिवे खाली राहिले होते, आणि त्यांच्या वर, ईशान्येला, सप्तर्षी शेपटावर उभे होते. इतके मोठे, इतके उघड, की बसमधून उतरलेलं वऱ्हाड शाली सावरायचंही विसरलं.

गुरुजींनी होकायंत्र काढलं, पाहिलं, आणि परत खिशात टाकलं. "अरुंधती दिसली का?"

यशश्री आणि अमेय एकमेकांना टेकून उभे होते. त्यांनी घाई केली नाही. "चौकोन," यशश्री अमेयला सांगत होती, "त्याच्याखाली शेपूट, शेपटातला मधला... आता त्याच्या अगदी शेजारी बघ." आणि मग अमेयनं अशी काही उडी मारली की नागपूरच्या आजी दचकल्या. "आहे! खरंच आहे!" यशश्रीही ओरडली, बसमधल्या पोरांनी टाळ्या पिटल्या, भय्यासाहेबांनी आपल्या बायकोला हाताला धरून पुढे आणलं आणि म्हणाले, "ही पाहा. हीच ती. मी सांगत नव्हतो?"

पद्मजाताई मागे, कठड्यापाशी उभ्या होत्या. शेजारी श्यामसुंदरराव.

"चैत्रापासून," त्या म्हणाल्या. "कसं कळलं तुम्हाला?"

"तू म्हणालीस ना, तुम्हाला कशी नाही दिसली. मला वाटलं, माझ्या डोळ्यांत खोट आहे. डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. मग रोज गच्चीवर जायला लागलो. म्हटलं, बायकोला दिसते आणि आपल्याला नाही, असं कसं? पौष गेला, माघ गेला. चैत्रात एकदाची सापडली. मग पुस्तक आणून पाहिलं तर कळलं, मार्गशीर्षात ती नसतेच." ते थोडं हसले. "पण तोवर बाकीचे तारे ओळखीचे झाले होते."

पद्मजाताईंनी मनात हिशेब मांडला. म्हणजे हे सगळं, गच्चीवरची ती एकतीस वर्षं, चित्रा आणि स्वाती आणि विंचू, हे सगळं आपल्या एका थापेच्या मागे लागून सुरू झालं होतं.

"साऱ्या गावाची थाप पकडलीत," त्या म्हणाल्या. "परक्यांच्या मांडवात उभं राहून पकडलीत. माझीच तेवढी नाही?"

"तुला दाखवायला बोलवत होतो की दरवर्षी," श्यामसुंदरराव म्हणाले. "तू दूध पाहायला जायचीस."

पद्मजाताईंनी डोळे पुसले, चष्मा पुसला, तो नीट नाकावर बसवला आणि नवऱ्याचा हात धरून आपल्या खांद्यावरून पुढे काढला. "दाखवा," त्या म्हणाल्या. श्यामसुंदररावांनी बोट केलं. आधी चौकोन दाखवला, मग शेपूट, मग मधला वसिष्ठ. पद्मजाताईंनी डोळे बारीक केले. वसिष्ठ दिसत होता. त्याच्या शेजारी नुसता काळोख होता, किंवा असेलही काही, नक्की सांगता येत नव्हतं.

बस सुरू झाली होती. वऱ्हाड चढून बसलं होतं, दारातून यशश्री वाकून पाहत होती. "आई, दिसली का गं?"

"नाही अजून," पद्मजाताई म्हणाल्या. मान तशीच वर होती. "थांबा जरा."

तुळशीरामनं भय्यासाहेबांकडे पाहिलं. भय्यासाहेबांनी त्याला हातानं खूण केली, आणि त्यानं इंजिन बंद केलं.